अडुसष्टावा दिवस

रोजगार हमीच्या कामाचा महाराष्ट्रातला २०२५-२६ सालचा दर दिवसाला ३१२ रुपये. संजय गांधी निराधार अनुदान योजनेची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१ हजार. भागाकार ज्याचा त्याने करावा. पदरात दोन पोरे असलेल्या विधवेने सदुसष्ट दिवस माती वाहिली, तर ती निराधार. अडुसष्टाव्या दिवशी ती निराधार राहत नाही. रोजगार हमीचा त्या सालचा शंभर दिवसांचा शब्दही सरकारचाच होता. तो पुरा पाळला गेला, तर तिचे अनुदानाचे महिन्याचे दीड हजार जातात.

२१ हजार म्हणजे महिन्याला १,७५०. कोल्हापुरात दोन-तीन घरची धुणीभांडी केली, इचलकरंजीत कांड्या भरल्या, तरी हा आकडा मागे पडतो. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल, तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हवा. एवढ्या पैशात तीन माणसे वर्षभर जगतात, यावर दाखला मागणारीचा विश्वास नाही, देणाऱ्याचाही नसावा. तरी दाखले निघतात. आकडा बरोबर २१ हजारांच्या आत बसतो. अडते ती खरी मजुरी सांगणारी.

याचा पुढचा परिणाम कमी बोलला जातो. मजुरी रोख असेल, हजेरीपत्रकावर नाव नसेल, तर अनुदान शाबूत. गोकुळ शिरगावच्या किंवा कागलच्या एखाद्या कारखान्यात नाव लागले, पगार बँकेत आला, पीएफ कापला गेला, की संपले. पक्के काम कधी सुटेल याचा भरवसा नाही आणि बंद झालेले अनुदान पुन्हा सुरू करायला किती हेलपाटे पडतील, याचाही नाही. अशा बाईने नोंद नसलेले काम धरले, तर तिला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

जुलै २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ सुरू आहे. तिथेही दीड हजारच. मर्यादा मात्र अडीच लाख. नवरा कमावता असला तरी चालतो. दोन्ही योजना एकदम घेता येत नाहीत. पूर्वी निराधार योजनेत निदान मुले मोजली जात. एक अपत्य असलेल्या विधवेला १,१००, दोन असतील तर १,२००. २०२३ मध्ये सरसकट दीड हजार झाले आणि मोजणी थांबली. मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, दरमहा २,२५० रुपयांची, असे उत्तर येईल. आहे. तिचे खाते वेगळे, अर्ज वेगळा, चकरा वेगळ्या.

याच कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. पंधरा दिवसांच्या आत राज्य सरकारने परिपत्रक काढून साऱ्या गावांना हा कित्ता गिरवायला सांगितले. चांगलेच केले. स्वतःच्या नियमांत मात्र ही तडफ दिसली नाही. पुढच्याच वर्षी अनुदानाची रक्कम वाढली. २१ हजार जागचे हलले नाहीत. दिव्यांगांसाठी हीच मर्यादा ५० हजार झाली आहे. त्यासाठी कायदा बदलावा लागला नाही, शासन निर्णय पुरला.