धन्याची हांक

गेल्या पंधरवड्यांतील गोष्ट. दुपारचा एक वाजून गेला, तरी आमच्या नातवाच्या शाळेची गाडी गोडदेव नाक्यावर आली नव्हती. आम्हीं खिशांतून मोबाइल काढून गाडीवाल्यास विचारलें, "अहो, कोठवर आलांत?" तो नम्रपणें म्हणाला, "आलोंच गुरुजी, वळणावरच आहें." त्याच्या शब्दांमागून मुलांचा कलकलाट ऐकूं आला. एका हातांत गाडीचें चक्र व दुसऱ्यांत आमचा प्रश्न घेऊन तो मुलांस वळणावरून आणीत होता! मुलें सुखरूप उतरलीं; आमच्या मनांतील कांटा मात्र अद्याप निघाला नाहीं.

मोटार-वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें, वाहन चालवितांना हातांत मोबाइल धरून बोलणें हें धोकादायक चालविणें ठरलें. पहिल्या अपराधास १,००० ते ५,००० रुपये दंड, अथवा सहा महिने ते एक वर्ष कैद, अथवा दोन्ही. हें पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु त्याच कायद्याचें १८८ वें कलम फारसें कोणी वाचीत नाहीं. अशा अपराधास प्रवृत्त करणाऱ्यासही तीच शिक्षा आहे. नुसत्या एका हांकेनें कोणी अपराधी ठरेल असें नाहीं. पण 'घंटी वाजली कीं उचललीच पाहिजे' असा दंडक नोकरास घालणाऱ्या धन्यानें हें कलम एकदां अवश्य वाचावें.

नुकसानभरपाईचा प्रश्न तर वेगळाच. उदेपूर येथें सरकारी जीप दुरुस्तीहून परत आणतांना चालकाच्या निष्काळजीपणानें एक पादचारी दगावला. 'राजस्थान सरकार विरुद्ध विद्यावती' या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं सरकारासच भरपाईस जबाबदार धरलें. जेथें सरकार सुटलें नाहीं, तेथें भाईंदरांतील भांड्यांच्या कारखान्याचा टेंपोमालक कसा सुटेल?

मनुस्मृतींतील अनेक नियम आज कोणीही सुज्ञ ग्राह्य मानणार नाहीं. परंतु आठव्या अध्यायांतील एक भेद विचार करण्याजोगा आहे. सारथि अकुशल असल्यामुळें रथ भलतीकडे जाऊन हानि झाली, तर दोनशें पण दंड धन्यास. सारथि कुशल असेल, तर दंड सारथ्यास. आज आपण कुशल सारथि नेमतों, आणि भर रस्त्यांत घंटी वाजवून त्यास आपणच अकुशल करतों. कानांत यंत्र घातल्यानें हात मोकळे होतात. चित्त मोकळें होत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं गाडीवाल्यास म्हटलें, "यापुढें गाडी चालू असतां आमचा फोन घेऊं नका." तो हंसून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही सांगतां खरें. पण नाहीं उचलला तर बाकीचे पालक काम काढून घेतील." या उत्तरानें आम्ही निरुत्तर झालों.

म्हणून वाचकांस आमची विनंती: कारखानदार असा वा गृहस्थ, चालकास स्पष्ट सांगावें, शक्य तर लिहून द्यावें, कीं गाडी बाजूस उभी केल्यावरच उलट फोन करावा; न उचलल्याबद्दल बोल लागणार नाहीं. आणि हें वचन आपण स्वतः पाळावें. आम्ही आतां नाक्यावर छत्री घेऊन उभे राहतों. गाडीस उशीर झाला तर फार तर पाय दुखतात.