पोडावरच्या मुलाची पहिली भाषा

पहिलीपासून हिंदी शिकविण्यासंबंधीचे १६ एप्रिल आणि १७ जून २०२५ चे दोन्ही शासननिर्णय लोकमताच्या रेट्यापुढे राज्य सरकारला २९ जून रोजी मागे घ्यावे लागले. हे योग्यच झाले. त्या वादात मराठीच्या बाजूने जे मांडले गेले ते भाषाशास्त्राला धरून होते. लहान मुलाचे शिक्षण त्याला येणाऱ्या भाषेतून सुरू व्हावे, नव्या भाषांचे ओझे त्यावर मागाहून पडावे, असा तो युक्तिवाद. तो खरा असेल तर मराठीचे हित साधले की संपला, असे होऊ शकत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील कोलाम मुलाच्या दृष्टीने मराठी हीच शाळेत भेटणारी परकी भाषा आहे.

आर्णीच्या आठवडी बाजारात वऱ्हाडी मराठीबरोबर बंजारी, गोंडी, उर्दू आणि कोलामीही कानावर पडते. आर्णी, घाटंजी व केळापूर हा सारा टापू ज्यात येतो तो आर्णी विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. महाराष्ट्रात आदिम म्हणून नोंदलेल्या जमाती तीन. कातकरी आणि माडिया गोंड यांच्यासह कोलाम ही त्यांतील एक. २०११ च्या जनगणनेत देशभरात कोलामी बोलणारे सव्वा लाखाहून अधिक भरले. बंजारी बोलणाऱ्यांची संख्या कोलामीहून कितीतरी अधिक असूनही जनगणना त्यांना हिंदीच्या खात्यात जमा करते. कोलामीला निदान स्वतःचे खाते आहे, एवढेच तिचे भाग्य.

कोलामी ही मराठीची बोली नव्हे. ती तेलुगू-गोंडीच्या द्राविड कुळातली. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०६ च्या चौथ्या खंडात तिची नोंद आहे. सेतुमाधवराव पगडी यांनी तिचे व्याकरण १९५० मध्ये हैदराबादेतून प्रसिद्ध केले. वर्धा जिल्ह्यातील कोलामांची बोली टिपून मरे एमेनो यांनी सिद्ध केलेला ग्रंथ १९५५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने छापला. म्हणजे वर्ध्याचा कोलाम वाक्य कसे जुळवितो हे जगातील पंडितांना सत्तर वर्षांपासून ठाऊक आहे. ठाऊक नाही ते पोडावरच्या शाळेत नेमलेल्या गुरुजींना. दोष गुरुजींचा नाही. त्यांच्या प्रशिक्षणात हा विषय आणावयाचा कोणी?

या अज्ञानाची किंमत वर्गात मोजली जाते. मूळच्या कोलामी शब्दांत ख, घ, भ यांसारखे महाप्राण ध्वनी नाहीत. कोलामीत नामांचे वर्ग दोनच: एक पुरुषांचा आणि दुसरा बाकी सर्वांचा, ज्यात स्त्रिया, जनावरे आणि वस्तू सारेच येतात. मराठीत लिंगे तीन. कोलामीत क्रियापद कर्त्याच्या मागे जाते. मराठीत ‘मी भाकर खाल्ली’ म्हणताना ते कर्त्याला सोडून भाकरीच्या मागे लागते. एखादा मुलगा ‘मी भाकर खाल्लो’ म्हणाला तर त्याला व्याकरण नाही असे नव्हे. तो आपल्या घरचे व्याकरण चोख पाळत असतो. शिवाय ‘मी पाणी प्यालो’, ‘मी धडा शिकलो’ ही वाक्ये मराठीतही शुद्धच मानली जातात. कोलाम मुलाची चूक मराठीच्या इतकी जवळ आहे, पण तिच्याखाली तांबडी रेघ मात्र पडते. ‘शाळा’ला ‘शाया’ म्हणणाऱ्या वऱ्हाडी कुणब्याच्या मुलानेही ही रेघ भोगली आहे. त्याला निदान गुरुजींचे बोलणे कळते.

मूल भाषा कशी आत्मसात करते यासंबंधीचे संशोधन गेल्या अर्धशतकात पुष्कळ पुढे गेले. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा १९८४ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. इंग्रजी घरांतील सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील त आणि ट यांतला फरक ऐकू येत होता. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो येईनासा झाला. पहिला वाढदिवस होण्याच्या सुमारासच कान घरच्या ध्वनींवर बसू लागतो. शाळेत येईपर्यंत वाक्यरचनाही बव्हंशी पक्की झालेली असते. अशा मुलाला ‘काही येत नाही’ असा शेरा देणे म्हणजे भरलेल्या कणगीला रिकामी म्हणणे होय.

अप्रत्यक्ष कर गरिबाला अधिक जड जातो आणि आपण तो भरतो आहोत हेही त्याला पुष्कळदा ठाऊक नसते, असे अर्थशास्त्रात सांगतात. शाळेतील भाषेचा कर याच जातीचा आहे. पहिली-दुसरीतील दोन वर्षे मूल न कळणाऱ्या आवाजात बसून राहते, मागे पडते आणि पुढे कापसाच्या वेचणीला जाते. सरकारदप्तरी त्याची नोंद ‘गळती’ अशी होते.

कायद्यांची वाण नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयीविषयीचे ३५०-अ हे कलम १९५६ मध्ये राज्यघटनेत आले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात तेच आहे, २०२० च्या शैक्षणिक धोरणातही आहे. मात्र या शेवटच्या दोहोंत ‘शक्यतो’ची पळवाट ठेवलेली आहे. कोलामांच्या वाट्याला नेमका हाच शब्द येतो.

कोलाम आईबापांनाच मुलांना मराठी यावी असे वाटते, असा आक्षेप घेतला जाईल. तो खराच आहे. तालुक्याची कचेरी, दवाखाना, बाजार, सारे मराठीत चालते. मराठीवाचून त्यांचे चालणार नाही. प्रश्न मराठी शिकवावी की नाही हा नसून तिच्यापर्यंत कोणत्या वाटेने न्यावे हा आहे. पहिली दोन वर्षे देवनागरीत लिहिलेली कोलामी, पोडावरचेच शिकलेले तरुण-तरुणी शिक्षक म्हणून, आणि तिच्या आधाराने मराठी, ही वाट खर्चिक नाही.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठही उभे राहिले आहे. कोलाम मूल मराठीचे ध्वनी आणि वाक्यरचना कोणत्या क्रमाने आपलेसे करते, कोठे अडखळते, हा पीएच. डी.चा विषय तेथून पायी चालत जाण्याइतका नव्हे, पण एका एस.टी. प्रवासाइतका जवळ आहे. त्यासाठी शिष्यवृत्त्या ठेवाव्यात आणि त्या कोलाम पदवीधरांना प्रथम द्याव्यात, ही मागणी कार्यकर्त्यांनी हाती घ्यावी. मात्र त्याआधी स्वतःच्या सभांकडेही पाहावे. वनहक्काच्या मोर्चात कोलाम स्त्री-पुरुष पुढे असतात. व्यासपीठावरून त्यांच्याशी बोलले जाते ते मराठीत, तेही पुस्तकी. पुढच्या सभेत निदान एक भाषण कोलामीत व्हावे, आणि ज्यांना ते कळणार नाही त्यांच्यासाठी कोणा कोलाम तरुणाने त्याचे मराठी करून सांगावे.