हात लावू नये

अंधत्व हा विषय विद्यार्थ्याने निवडला, की काळा रंग संपतो. काळा कॅनव्हास, पांढरी काठी, डोळ्यांवर पट्टी. मुलगा खटपट्या असेल तर अंधारी खोली. डिसेंबरात एका कला महाविद्यालयात मधल्या ज्युरीला, म्हणजे अर्धवट झालेली कामं तपासायला, गेलो, तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीचं असंच काम समोर आलं. विषय कुठून सुचला, विचारलं. “आजीला काचबिंदू आहे, सर.” मग आजीला काळं दिसतं का? मुलगी गप्प. विचारलंच नव्हतं.

तिने तिथूनच फोन लावला. आजी म्हणाली, “काळं कशाला दिसेल ग? बाजूने येणारं माणूस एकदम समोर उगवतं, एवढंच.”

काचबिंदूचं याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही. कडेची नजर जाते, पण मेंदू ती भोकं आपल्या परीने बुजवत राहतो. म्हणून बऱ्याच जणांना पुष्कळ उशिरापर्यंत पत्ताच लागत नाही. मोतिबिंदूत जग धूसर आणि पिवळट होतं. मॅक्युला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, झिजला की कडा शाबूत राहतात आणि समोरच्याचा चेहरा जातो. रेटिनायटिस पिगमेंटोसात आधी रात्र हातची जाते. चार आजार, चार निरनिराळी चित्रं, आणि काळं यातलं एकही नाही. पट्टी बांधून अर्धा तास वावरण्याचा प्रयोग आपण वर्गात हौसेने करून घेतो. त्यातून कळते ती पहिल्या अर्ध्या तासाची भीती. आजीची नजर बारा वर्षं हळूहळू जाते आहे.

चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी इथे आठवतात. जन्मापासून एक डोळा निकामी, दुसरा अधू. त्याच नजरेवर त्यांनी १९४६-४७मध्ये शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात मध्ययुगीन संतांचं भित्तिचित्र केलं. पन्नाशीनंतर मोतिबिंदूची शस्त्रक्रिया फसली, उरलेली दृष्टीही गेली. मग कागद घड्या घालून कापले, मेणाच्या छोट्या मूर्ती केल्या, १९७२मध्ये कलाभवनाच्या भिंतीवर टाइल्सचं म्युरल उभं केलं. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्याच वर्षी त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा लघुपट केला. वर्गात तो दाखवून ‘प्रेरणादायी’ म्हणत मोकळं होऊ नये. घडी घातलेला कागद बोटांना काय सांगतो, हे मुलांना करून बघायला लावावं.

मुलीने सुट्टीत आजीच्या स्वयंपाकघरात वही घेऊन ठाण मांडलं. चहा ओतताना आजी तर्जनीचं टोक कपाच्या काठाआत धरते. चटका बसला की थांबते. पांढऱ्या ताटात भात सापडत नाही म्हणून तिने निळं ताट घेतलंय. यातून काम उभं राहिलं: प्लास्टरची सात पांढरी ताटं, प्रत्येकात पांढऱ्या भाताचा उठाव. पहिल्यात शीत न् शीत दिसतं. पुढे उठाव उतरत जातो, सातव्यात तो फक्त बोटाला लागतो. काम ठेवण्याआधी ती ताटं आजीच्या हाताखालून गेली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. घरच्यांचे डोळ्यांचे रिपोर्ट न विचारता भिंतीवर टांगणारे प्रकल्पही मी पाहिलेत, आणि त्यांना गुण देणारे परीक्षकही.

प्रश्न आपल्या, शिकवणाऱ्यांच्या, कामाचा आहे. ‘विचारलंस का?’ हे ज्युरीत नव्हे, विषय मंजूर करतानाच विचारायला हवं होतं.

फेब्रुवारीत प्रदर्शन लागलं. सातही ताटांखाली छापील पाटी होती: ‘कृपया हात लावू नये’. दरवर्षी सरसकट सगळ्या कामांखाली लागते ती. मुलीने सांगून ती काढवली. संध्याकाळपर्यंत सातव्या ताटावर बोटांचे करडे डाग पडले होते, आणि शिपाईमामा ओल्या फडक्याने ते मनापासून पुसत होते.