तिसरं नाव

परवा आमच्या भिशीत वाद रंगला. बायकांसाठी कलेची दारं जास्त कोणी उघडली, गाणाऱ्यांनी की नट्यांनी? एकीने हिराबाई बडोदेकरांचं नाव घेतलं, दुसरीने दुर्गा खोट्यांचं. पोहे गार झाले, पण निकाल काही लागेना.

गंमत बघा, दोघींचाही जन्म १९०५ चा. वाटा मात्र अगदी उलट. हिराबाई म्हणजे किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची लेक. गाणं रक्तातच होतं, पण चारचौघांत गाणाऱ्या बाईकडे बघायची समाजाची नजर स्वच्छ नव्हती. अंगभर पदर घेऊन, शांतपणे बसून हिराबाई गायल्या आणि ती नजर बदलली. पुढे मध्यमवर्गीय घरांतून मुलींना गाण्याच्या क्लासला धाडायला लागले, त्यात त्यांचा वाटा मोठा.

दुर्गाबाईंचं माहेर सधन, वडील सॉलिसिटर. अशा घरातल्या मुलीने सिनेमात जायचं म्हणजे केवढा गहजब! तरी १९३२ साली 'अयोध्येचा राजा'त त्या तारामती झाल्या. ऐन तारुण्यात वैधव्य आलं, पदरी दोन मुलं. त्यांनी अभिनयावर संसार उभा केला आणि १९८३ मध्ये दादासाहेब फाळके पुरस्कारापर्यंत पोचल्या.

मग मोठी कोण? मला विचाराल तर हा प्रश्नच फसवा आहे. एकीने गाण्याला प्रतिष्ठा मिळवून दिली, दुसरीने पडद्याला. पण आपण ती प्रतिष्ठा दिली कशाच्या जोरावर? दोघी आपल्याला 'घरंदाज' वाटल्या म्हणून ना? घरी परतताना हेच मनात घोळत होतं. भिशीत तिसरं नाव कोणीच घेतलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

विठाबाई नारायणगावकर. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली तमाशासम्राज्ञी. बाळंत झाल्यावर त्याच रात्री पुन्हा फडावर उभी राहिलेली ही बाई, हे आपण कौतुकाने सांगतो. २००२ मध्ये त्या गेल्या, पण शेवटचे दिवस ओढगस्तीतच गेले. गावोगावच्या हजारो माणसांना त्यांनी रात्र रात्र जागवलं, हा प्रभाव काय कमी झाला? पण लावणी टीव्हीवर बघायची, टाळ्या वाजवायच्या, घरात नको.

दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू? दोन वर्षांपूर्वी माझ्या लेकीने गॅदरिंगला लावणी करायची म्हणून हट्ट धरला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, 'नाही' मीच म्हटलं. कथकचा क्लास मात्र मी स्वतः शोधून दिला. घुंगरू तेच, फक्त नाव सोवळं.

मैत्रिणींनो, कलेची उंची पदर किती लांब यावरून मोजणं आता आपणच थांबवायला हवं. पुढच्या भिशीत वाद निघाला, तर तिसरं नाव मी घेणार आहे. आणि यंदा लेकीने पुन्हा विचारलं, तर नऊवारी मीच नेसवून देईन.