उटणं घरचं, पण बांध कसला?



दिवाळी तोंडावर आली की मोबाईलवर 'घरच्या घरी नैसर्गिक उटणं' सुरू होतं. कृती बहुतेकांची चांगली असते. पण एक गोष्ट कुणी विचारत नाही, ती आपणच विचारायला पाहिजे: माल कुठल्या रानातला?

गेल्या वर्षीची गोष्ट. पाऊस उघडला, वापसा आला, तसा मी उसाकडेच्या बांधावरनं लव्हाळ्याच्या गाठी खणून आणल्या. आमच्याकडं उटण्यात नागरमोथा म्हणून हाच पडतो. गाठ फोडली की मातीचा गोडसर वास येतो. पाटी ओसरीवर ओतली, तर कारभारणीनं विचारलं, "अहो, कुठनं खणल्या?" मी बांध सांगितला. "आखाडात तिथंच फवारलं न्हवं तुम्ही?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. ग्लायफोसेट पानावर पडतं आणि आतून गाठीपर्यंत उतरतं. म्हणून तर आपण ते लव्हाळ्यावर मारतो. तरी तो पुन्हा फुटलाच होता. आता तीच गाठ दळून नातवाच्या अंगाला चोळायची आणि वर नैसर्गिक म्हणायचं? पाटी उचलली आणि परत बांधावर टाकून आलो.

माझं मत सरळ आहे. घरी दळलं म्हणून काही नैसर्गिक होत नाही, रान स्वच्छ असेल तरच होतं. हारातल्या गुलाबाचं तेच, फवारलेल्या बागेतल्या संत्र्याचं तेच. फळ आपण सोलून खातो आणि साल अंगाला लावतो, याचा विचार करा.

यंदा विहिरीकडचा बांध आणि परस खुरप्यावरच ठेवला. त्यातनं झालेलं उटणं असं:

मसूर डाळीचं पीठ पाव किलो. नागरमोथा, कपूरकाचरी, गावठी गुलाबाच्या पाकळ्या आणि संत्र्याची साल प्रत्येकी ५० ग्रॅम. वाळा आणि आंबेहळद २५-२५ ग्रॅम. कपूरकाचरी तेवढी दुकानातली, बाकी घरचं. वजन सगळं वाळल्यावरचं.

गाठी आणि वाळ्याची मुळं माती जाईपर्यंत धुवायची. पाकळ्या आणि वाळा सावलीतच वाळवा, कडक उन्हात वास उडून जातो. गाठी आधी खलबत्त्यात ठेचा, मग मिक्सरला थांबून थांबून फिरवा. भांडं तापलं की वास गेलाच म्हणून समजा. शेवटी वस्त्रगाळ करून कोरड्या बरणीत भरा, ओला चमचा घालू नका. वासासाठी बाटलीतलं अत्तर घालायची गरज पडत नाही.

लहान लेकरांना लावायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस बघा. घरचं असलं तरी एखाद्याला खाज सुटू शकते.

काहीजण म्हणतात, पाकिटं भरून विका. विकायचं तर परवाना लागतो, ते काम वेगळं. मी घरापुरतं आणि भावकीपुरतं करतो.

फवारणी बंदच करा असं मी म्हणत नाही, उसात मलाही सुटलेली नाही. पण एक तरी बांध कोरा ठेवा. पहिल्या आंघोळीला लेकरांच्या अंगाला काय लावतोय, हे छातीठोक सांगता आलं पाहिजे.

तुमच्याकडं उटण्यात काय घालतात? आणि ते कुठल्या बांधावरचं, तेही लिहा.