ॲम्प्लिफायर निवडा स्पीकरला विचारून

उंची स्पीकर घेणारा ग्राहक ॲम्प्लिफायरबद्दल पहिला प्रश्न विचारतो तो वॅटचा. ही सवय आपल्याला टू-इन-वनच्या खोक्यांनी लावली. त्यांवर ‘पीएमपीओ’चे अवाढव्य आकडे छापलेले असत आणि प्रत्यक्ष आवाजाशी त्यांचा संबंध नावापुरताच असे. पण काही लाख रुपये मोजणाऱ्यानेही त्याच मापाने खरेदी करावी, हे पटत नाही. वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. म्हणजे शंभरऐवजी दोनशे वॅटचा ॲम्प्लिफायर घेऊन फरक पडतो तो जेमतेम जाणवेल इतकाच. उलट स्पीकरची संवेदनशीलता सगळा हिशेबच पालटते. बीबीसीने घडवलेला छोटेखानी एलएस३/५ए एका वॅटला एक मीटरवर सुमारे ८३ डेसिबल देतो. १०० डेसिबल देणारा हॉर्न स्पीकर एका वॅटमध्ये जे करतो, त्यासाठी याला पन्नास वॅट लागतात.

त्याहून महत्त्वाचा आहे इम्पिडन्स, म्हणजे विद्युतप्रवाहाला स्पीकरचा होणारा विरोध, आणि फसगत होते ती इथेच. पाठीवर ‘८ ओहम’ लिहिलेले असले तरी इम्पिडन्स प्रत्येक स्वराला बदलतो. बॉवर्स अँड विल्किन्सच्या ८०२ डी३ च्या माहितीपत्रकातच ८ ओहमच्या शेजारी ‘किमान ३’ असे छापले आहे. २० व्होल्टला ८ ओहममधून अडीच अँपिअर वाहतो, तर ३ ओहममधून पावणेसात. एवढा प्रवाह पुरवायला मोठा ट्रान्सफॉर्मर आणि दणकट आउटपुट ट्रान्झिस्टर लागतात. खरा खर्च तिथे असतो. १९८०च्या दशकातला अपोजी सिंटिला तर १ ओहमवर चाले आणि भल्याभल्या ॲम्प्लिफायरांना घाम फोडी. म्हणून ८ ओहमला १०० वॅट देणारा ॲम्प्लिफायर ४ ओहमला किती देतो, ते पाहावे. आकडा दोनशेच्या आसपास गेला तर त्याच्यात दम आहे; सव्वाशेवर अडला तर अवघड स्पीकर त्याच्या गळ्यात मारू नये.

यावर रसिक म्हणतील, कानांना आवडले की झाले, आकडे कशाला? आवड कानांचीच, हे खरे. पण दुकानात दोन ॲम्प्लिफायर ऐकताना आवाजाची पातळी काटेकोर जुळवलेली नसते आणि किंचित मोठा वाजणारा कानाला हटकून सरस वाटतो. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरची गोडी हा त्यांचा दुसरा मुद्दा. ती भास नव्हे. पण अशा ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स २ ओहम असेल आणि स्पीकरचा ४ ते २० ओहम असा हेलकावत असेल, तर निरनिराळ्या स्वरांच्या पातळीत पावणेतीन डेसिबलपर्यंत फरक पडतो. म्हणजे ती गोडी ॲम्प्लिफायरची एकट्याची नसते. स्पीकर बदलला की तीही बदलते. तेव्हा विक्रेत्याकडे आधी स्पीकरच्या इम्पिडन्सचा आलेख मागावा. त्याने दिला नाही तर ‘स्टिरिओफाइल’सारखी मासिके स्वतः मोजून छापतात, तो पाहावा. ॲम्प्लिफायरच्या किमतीची घासाघीस त्यानंतर.