तीन दहा नंबर

लंडनहून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला : "दहा नंबर पाहिलंत का?" पाहिले हो! म्हणजे फाटक पाहिले. १९८९ पासून डाउनिंग स्ट्रीटच्या तोंडाशी ते उंच लोखंडी फाटक आहे. पंतप्रधानांचे काळे दार पलीकडे कुठेतरी असते म्हणतात. पण वाचकहो, मला सांगायचे आहे ते दुसऱ्या दोन दहा नंबरांविषयी.

भाच्याकडे आमचा मुक्काम अवघा पाच दिवसांचा. चौथ्या दिवसासाठी त्याने उघड्या टपाच्या बसची तिकिटे काढून ठेवली होती. "मामा, बसल्या जागी सगळं लंडन दिसेल!" बसल्या जागी लंडन मी दादरलाही पाहिले असते. मला पायी फिरायचे होते. आमच्या वडिलांच्या बैठकीत लोकमान्यांची मोठी तसबीर असे. लोकमान्य लंडनमध्ये जिथे राहिले ते घर पाहण्याची त्यांची फार इच्छा. ती राहूनच गेली.

वॉरविक ॲव्हेन्यू स्टेशनातून बाहेर पडलो की जवळच १०, हाउली प्लेस. दर्शनी भिंतीवर निळी वाटोळी पाटी : टिळक येथे १९१८-१९ मध्ये राहत होते. चिरोलवर लावलेला खटला ते इथे हरले आणि खर्चाचा डोंगर डोक्यावर घेऊन परतले. मी चपला न काढता हात जोडले. फुटपाथवर चपला काढणे बरे दिसले नसते.

"आणि बाबासाहेबांचं घर?" सौ.ने विचारले. "भाचा म्हणाला, इथून चालत जाता येतं."

खरे सांगतो, पाच दिवसांच्या माझ्या यादीत तो पत्ता नव्हताच.

निघालो. रीजंट्स कालव्याच्या काठाकाठाने वाट आहे. पूर्वी घोडे इथून नावा ओढीत. आता त्या लांबोळक्या नावांत माणसे संसार करतात. टपावर फुलझाडांच्या कुंड्या, सायकल, जळाऊ लाकडे. मध्येच कालवा बोगद्यात शिरतो, तेव्हा आपण रस्त्यावर चढून पलीकडे पुन्हा उतरायचे. पुढे प्राणिसंग्रहालयाच्या मधूनच पाणी जाते. उंच जाळीतली काळी-पांढरी माकडे तिकिटाशिवाय दिसली, याचा सौ.ला फार आनंद. प्रिमरोझ हिलच्या माथ्यावर बाकावर बसून आम्ही दशम्या सोडल्या. खाली सगळे लंडन पसरलेले. सौ.ची टाच तोवर ठणकू लागली होती, पण "परत जाऊ" हा शब्द तिने काढला नाही.

टेकडीपलीकडे किंग हेन्रीज रोड. घराचा नंबर, पुन्हा दहा! बाबासाहेब इथे १९२१-२२ मध्ये राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली हे घर विकत घेतले. लंडनच्या त्या दिवसांत रात्री भूक लागली की पत्र्यावर चार पापड भाजून कपभर दुधाबरोबर खायचे आणि पुन्हा वाचायला बसायचे, असे त्यांच्या चरित्रात आहे. पुढे १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली.

टिळक १९१९ अखेर परतले, बाबासाहेब १९२० मध्ये पुन्हा लंडनला आले. दोन घरांमध्ये अंतर चार-साडेचार किलोमीटर. आम्हाला दोन तास लागले, दशम्या धरून.

परतताना सौ. लंगडत होती. चॉक फार्म स्टेशनापाशी थांबून म्हणाली, "मामंजी बरोबर असते, तर ते या दुसऱ्या घरात आले असते का हो?"

मी तिकीट शोधण्यासाठी खिसे चाचपू लागलो.